केस कोणाचा, हे सांगणार कोण?

रानसशाची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे गावोगावी ठाऊक आहे. तरीही ती होते. रात्री बॅटरीच्या झोतात ससा जागच्या जागी थबकतो, वाघूर लावली असेल तर थेट जाळ्यात शिरतो, आणि उजाडेपर्यंत त्याचा रस्साही झालेला असतो. वनरक्षक पोहोचतो तेव्हा त्याच्या हाती लागते ती वाघूर, एखादी गोणी, पातेल्यातले शिजलेले मांस आणि गोणीच्या शिवणीत अडकलेले थोडे केस. अशा वेळी बचाव ठरलेला असतो: हा पाळीव ससा आहे, विकत आणलाय. ससे पाळणे आणि विकणे हा आपल्याकडे उघडपणे चालणारा जोडधंदा आहे, त्यामुळे हा बचाव उडवून लावता येत नाही. तो खराही असू शकतो. पंचनामा, जबाब, पंचांच्या सह्या सगळे असले तरी खटला शेवटी त्या गोणीतल्या केसांवर येऊन ठेपतो, आणि ते केस कोणाचे हे खात्रीने सांगणारे कोणी जवळपास सहसा नसते. नमुना डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राकडे पाठवायचा आणि अहवालाची वाट पाहायची. वाघाच्या किंवा बिबट्याच्या प्रकरणात ही धावपळ केली जाते. सशासाठी ती क्वचितच होत असेल. प्राण्यांचे केस ओळखण्याची क्षमता आणि त्यासाठी लागणारा खात्रीच्या नमुन्यांचा संग्रह महाराष्ट्राच्या अकराही प्रादेशिक वनवृत्तांत असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि त्याची सुरुवात वाघापासून करू नये, ज्याला आपण क्षुल्लक समजतो त्या सशापासून करावी.

केसात ओळखण्यासारखे एवढे काय असते, ते आधी पाहू. सस्तन प्राण्याच्या अंगावर ढोबळमानाने दोन तऱ्हेचे केस असतात. खाली ऊब धरणारी मऊ लव आणि तिच्यावर लांब, राठ संरक्षक केस. निरनिराळ्या प्राण्यांची लव एकमेकींसारखीच दिसते, म्हणून ओळख पटवायला ती फारशी कामाची नाही. संरक्षक केस मात्र पुष्कळ सांगतो. आपल्याकडच्या रानसशाच्या पाठीवरचा एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहिला तर मुळाशी फिकट राखाडी, वर काळसर, मग पिवळट तपकिरी पट्टा आणि टोक पुन्हा काळे, असे टप्पे दिसतात. दुरून जो रंग नुसता मातकट वाटतो तो या असंख्य पट्ट्यांच्या सरमिसळीतून तयार झालेला असतो. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे. काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, तो ओला असतानाच स्वच्छ केलेला केस त्यावर टेकवायचा आणि थर वाळल्यावर चिमट्याने अलगद उचलून घ्यायचा. केसाच्या पृष्ठभागावर जे सूक्ष्म खवले असतात त्यांचा ठसा मागे उमटलेला राहतो. त्यांची मांडणी मुळाशी एक, मध्यावर दुसरी, टोकाकडे तिसरी असते आणि ती प्राण्यागणिक बदलते. मग पाहायचा केसाच्या आतला गाभा. उंदराच्या बारीक केसात गाभ्याच्या पेशी एकाच रांगेत असतात; सशाच्या जाड केसात त्या मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारख्या अनेक रांगांत बसलेल्या दिसतात. चितळ-सांबराच्या केसात गाभाच जवळजवळ सगळी जाडी व्यापतो आणि जाळीदार दिसतो. केसाचा आडवा छेद घेतला तर सशाचा केस मध्ये चिंबलेला आणि दोन्ही कडांना फुगलेला आढळतो, आणि हा आकार चटकन डोळ्यांत भरतो. या सगळ्याला लागणारा सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात आहे. नेलपॉलिश कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

या पद्धतीची मर्यादाही इथेच सांगायला हवी, कारण माझा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. केस सशाच्या कुळातल्या प्राण्याचा आहे, शेळीचा, हरणाचा किंवा उंदराचा नाही, एवढे सूक्ष्मदर्शक चांगल्या रीतीने सांगतो. पण त्या कुळातला नेमका कोणता, हे सांगताना तो अडखळतो. बाजारात मिळणारा पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. आपला रानससा त्याच्यापासून बराच दूरचा. पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, रानसशाच्या वंशात ४८. पाळीव सशाची पिल्ले बिळात, डोळे मिटलेली आणि उघडी जन्मतात. रानसशाची पिल्ले उघड्या माळावर, अंगभर केसांसह आणि डोळे उघडे घेऊन. इतका फरक असूनही दोघांच्या केसांचा गाभा आणि छेद मात्र बराचसा सारखा असतो. तिथे तुलना करावी लागते ती लांबी, जाडी, रंगांचे पट्टे, खवल्यांचे प्रमाण अशा बारकाव्यांची. आणि तुलना म्हटली की दोन गोष्टी समोर हव्यात: जप्त केलेला केस, आणि ज्याची ओळख निर्विवाद आहे असा, त्याच भागातल्या प्राण्याचा केस. आपल्याकडे खोट येते ती या दुसऱ्या गोष्टीत.

असा संग्रह उभा राहिला तर काय हाती येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबटे माणसांच्या वस्तीत, उसाच्या फडात राहतात. ते खातात काय, हा प्रश्न डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. उत्तर मिळाले ते बिबट्याच्या विष्ठेतल्या केसांतून. भक्ष्याचे मांस पचते, केस पचत नाहीत. प्रत्येक विष्ठेतले केस धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धरून, माहीत असलेल्या केसांशी ताडून पाहिले तेव्हा कळले की या बिबट्यांच्या आहारातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आहे आणि त्यातही सर्वांत मोठा, ३९ टक्के, एकट्या कुत्र्यांचा. बिबट्या गावात येतो तो जंगलात काही उरले नाही म्हणून तात्पुरता येतो, या समजुतीला त्या आकड्यांनी धक्का दिला आणि गावातल्या मोकाट कुत्र्यांचा प्रश्न व बिबट्याचा प्रश्न एकत्र पाहावे लागतील हे दाखवून दिले. धोरणाची दिशा बदलू शकणारा हा निष्कर्ष केसांच्या जोरावर निघाला. त्यामागे जुनी मेहनतही आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात कोप्पीकर आणि सबनीस यांनी भारतीय सस्तन प्राण्यांच्या केसांची ओळख मांडली ती १९७६ साली. पुढे २०१० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने निवडक प्राण्यांच्या संरक्षक केसांची संदर्भपुस्तिका काढली. या दोन्हींमधल्या चौतीस वर्षांत आणि त्यानंतरही हे ज्ञान मोजक्या संस्थांच्या भिंतींबाहेर फारसे पडले नाही. वनरक्षकाच्या प्रशिक्षणात ठसे आणि विष्ठा ओळखणे असते. केसही त्याच पंगतीत बसायला हवा.

एक चांगली पुस्तिका असताना प्रत्येक वनवृत्तात वेगळा संग्रह कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर सशाच्या विविधतेत आहे. भारतीय रानससा ही एक जात मानली जाते, पण ती देशभर एकसारखी नाही. दक्षिणेकडच्या सशाच्या मानेमागे ठळक काळा डाग असतो. त्याचे शास्त्रीय नावही त्या काळ्या मानेवरूनच पडले. उत्तरेकडे सरकावे तसा तो काळा डाग जाऊन मान तपकिरी होते आणि शेपटी तांबूस दिसू लागते. कच्छ, राजस्थान आणि सिंधच्या रेताडात राहणारा ससा फिकट, वाळूच्या रंगाचा. महाराष्ट्र नेमका या बदलांच्या मधल्या पट्ट्यात येतो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ साली देशभरातल्या सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी सुरू केली, तिचा पहिला संग्रह खानदेशातून झाला, आणि १९१२ साली प्राणिशास्त्रज्ञ रॉटन यांनी मध्य भारताकडच्या सशाला सिमकॉक्सचे नाव देऊन वेगळा उपप्रकार ठरवले. या उपप्रकारांच्या सीमा आजच्या अभ्यासकांना जशाच्या तशा मान्य आहेत असे नाही. पण शंभर वर्षांपूर्वी खानदेशातला ससा आणि कर्नाटकातला ससा यांत फरक आहे का, हा प्रश्न कोणाला तरी महत्त्वाचा वाटला आणि त्यासाठी कातडी जपून ठेवली गेली. सह्याद्रीच्या पावसाळी उतारावरचा, माणदेशाच्या माळावरचा आणि विदर्भाच्या झुडपी जंगलातला ससा यांच्या केसांत किती फरक आहे, याचे उत्तर आज कोण देईल? डेहराडूनच्या पुस्तिकेतला एक केस या तिघांचा प्रतिनिधी मानायचा, तर निष्कर्ष सैल राहणार.

हिमालयाच्या बाजूला गेले तर फरक आणखी ठसठशीत होतो. लडाख आणि सिक्कीमच्या उंचीवरचा लोकरी ससा दाट, कुरळट केसांचा आहे. तराईच्या आणि ब्रह्मपुत्रेच्या काठच्या उंच गवतात राहणारा राठ केसांचा ससा तर वेगळ्याच प्रजातीचा: कान आखूड, अंगावरचे केस कुंच्यासारखे खरखरीत. तो संकटग्रस्त आहे, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि दुधवा व मानससारख्या मोजक्या गवताळ प्रदेशांत उरला आहे. ज्या गवतात तो राहतो ते दरवर्षी जाळले जाते. जप्त केलेला केस त्याचा आहे की त्याच परिसरातल्या साध्या रानसशाचा, यावर गुन्ह्याचे गांभीर्य आणि शिक्षा बदलते. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात जी रेघ दोन प्राण्यांमध्ये ओढलेली आहे, ती प्रत्यक्षात आणायला केस ओळखणारा माणूस लागतो.

आता तर डीएनए तपासणी आहे, मग सूक्ष्मदर्शकात डोळे घालण्याचा हा जुना उद्योग कशाला, हा सर्वांत वजनदार आक्षेप. त्याला उत्तर देताना सशांइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. मूळ नसलेल्या नुसत्या केसात पेशीकेंद्रातला डीएनए फारच थोडा उरतो. त्यामुळे तपासणी बहुधा आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएवर होते. स्पेनच्या उत्तर भागात एक स्थानिक रानससा आहे. त्याच्या कित्येक नमुन्यांत मायटोकाँड्रियल डीएनए सापडतो तो पर्वती सशाचा, जो हिमयुग संपल्यावर त्या प्रदेशातून नाहीसा झाला आहे. पूर्वी कधीतरी दोन जातींचा संकर झाला आणि आईकडचा हा वारसा मागे राहिला. अशा सशाच्या केसाचा नुसता मायटोकाँड्रियल अहवाल वाचणारा माणूस ज्या प्राण्याचे नाव घेईल तो प्राणी तिथे हजारो वर्षांत नाही. स्वीडनमध्ये पर्वती ससा आणि युरोपीय ससा यांच्यात असाच संकर होतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतचे हिमससे हिवाळ्यात पांढरे न होता तपकिरीच राहतात. त्यांच्या रंगाचे नियंत्रण करणारा जनुकाचा प्रकार काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिट या सशाकडून संकराने आलेला आहे, हे २०१८ साली संशोधकांनी दाखवले. ससे एकमेकांची जनुके घेत आले आहेत. म्हणून डीएनए तपासणीलाही त्या त्या प्रदेशातल्या, खात्रीने ओळखलेल्या प्राण्यांचे नमुने जवळ लागतात. ते नसतील तर यंत्र कितीही महागडे असो, जुळवायचे कशाशी? केसांचा संग्रह हाच या नमुन्यांचाही संग्रह होऊ शकतो. कागदी पाकिटात कोरडा ठेवलेला मुळासकटचा केस दोन्ही कामांना येतो. शिवाय पाठवायच्या शंभर नमुन्यांतून शेळीचे, कुत्र्याचे, कृत्रिम धाग्याचे केस सूक्ष्मदर्शकाने आधीच बाजूला काढले तर प्रयोगशाळेवरचा भार किती हलका होईल, हे सांगायला नको.

त्याच सशांच्या केसांत हवामानबदलाची नोंदही सापडते, आणि ती वाचायला कोणाला तरी वर्षानुवर्षे केस पाहत राहावे लागते. स्कॉटलंडच्या डोंगरांतला पर्वती ससा हिवाळ्यात पांढरा होतो. तिथला बर्फ आता कमी दिवस टिकतो, पण सशाची केस बदलण्याची वेळ त्या मानाने बदललेली नाही. १९५० च्या दशकाशी तुलना करता उघड्या तपकिरी माळावर पांढरा ससा ठळकपणे दिसण्याचा काळ वर्षाकाठी सुमारे ३५ दिवसांनी वाढला आहे, असे २०२० च्या अभ्यासात आढळले. आयर्लंडमधला त्याचाच भाऊबंद फारसा पांढरा होत नाही, कारण तिथे बर्फच फारसे टिकत नाही. एका जातीच्या दोन प्रदेशांतल्या केसांची तुलना केली म्हणून हे लक्षात आले. स्कॉटलंडने १ मार्च २०२१ पासून परवान्याशिवाय पर्वती ससा मारण्यास बंदी घातली, त्यामागे अशा बारकाईच्या अभ्यासाने तयार झालेली जाणीवही होती, असे मी मानतो.

केस ओळखण्याची गरज खटल्यांपुरती आणि संशोधनापुरती नाही, बाजारालाही ती आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सशाचे कातडे रंगवून, कातरून ‘सील’च्या वळणाच्या भपकेबाज नावांनी विकले जात होते. ग्राहकांची ही फसवणूक थांबवण्यासाठी १९५१ साली फर लेबलिंगचा कायदा झाला आणि प्राण्याचे खरे नाव लेबलवर लिहिणे सक्तीचे झाले. युरोपीय संघाने कुत्र्या-मांजरांच्या फरच्या व्यापारावर बंदी आणली तिची अंमलबजावणीही शेवटी केस ओळखण्यावरच अवलंबून आहे. आपल्याकडे तिबेटी चिरू हरणाच्या लोकरीची शहतूश शाल बेकायदा आहे आणि पश्मिन्याची शाल कायदेशीर. दोन्हींची लव बारीक, हाताला सारखीच मऊ. फरक पकडला जातो तो विणीत चुकून राहिलेल्या चिरूच्या संरक्षक केसांवरून. तपासणारा जाणकार नसेल तर चोर सुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रामाणिक काश्मिरी विणकराचा माल संशयापोटी अडकून पडतो. चित्रकारांच्या ब्रशचेही तेच. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणे गुन्हा आहे, २०१९ मध्ये देशभर त्याविरुद्ध मोठी मोहीमही झाली. मुंगसाच्या केसावर गडद-फिकट पट्टे आलटून पालटून असतात, ते साध्या भिंगानेही दिसतात. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना हे पाच मिनिटांत शिकवता येईल. शिकवले गेले तर विकत घेणारेच कमी होतील.

केसांच्या तपासणीबद्दल एक गंभीर शंका घेतली जाते आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेच्या एफबीआयने २०१५ साली जाहीर केले की सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून आरोपीविरुद्ध साक्ष देणाऱ्या आपल्या तज्ज्ञांच्या ज्या २६८ खटल्यांचा फेरआढावा घेतला, त्यांतल्या २५७ खटल्यांत साक्ष सदोष होती. माणसे तुरुंगात गेली होती, काहींना मृत्युदंड झाला होता. मग हेच शास्त्र आपण का आणायचे? फरक असा की ते तज्ज्ञ माणसाच्या केसावरून विशिष्ट व्यक्ती ओळखल्याचा दावा करत होते, जो केस कधीच पेलू शकत नाही. प्राण्याच्या केसावरून त्याचे कूळ किंवा जात ओळखणे हा वेगळ्या पातळीचा प्रश्न आहे आणि त्याची अचूकता माहीत असलेल्या केसांवर अंध चाचणी घेऊन तपासता येते. तरीही त्या प्रकरणाचा धडा आपण पहिल्या दिवसापासून घ्यावा. अहवालात ‘रानससा’ लिहिण्याइतका पुरावा नसेल तर ‘सशाच्या कुळातला प्राणी’ एवढेच लिहावे. किती केस पाहिले, कोणत्या नमुन्यांशी ताडले, कोणत्या शक्यता उरतात, हे नोंदवणे बंधनकारक हवे. ओळखणारा माणूस तपास अधिकाऱ्याच्या हाताखालचा नसावा, शक्यतो महाविद्यालयातला असावा.

या काटेकोरपणाची गरज आपल्याकडे अधिकच आहे, कारण वन्यजीव कायद्याच्या कलम ५७ नुसार आरोपीच्या ताब्यात प्राण्याचे मांस किंवा वस्तू असल्याचे सिद्ध झाले की ताबा बेकायदा असल्याचे गृहीत धरले जाते आणि तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. वाघाच्या कातड्याबाबत ही तरतूद योग्यच आहे. पण पातेल्यातले मांस कोणाचे, याचीच खात्री नसताना हा भार कोणावर पडतो? बहुतेक वेळा पारध्यासारख्या समाजातल्या माणसावर. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाल्यावरही ज्यांच्यावरचा संशय उतरला नाही, अशा माणसाने विकत आणलेला पाळीव ससा शिजवला असेल तर ते सिद्ध करायला त्याच्याकडे पावती नसते, वकील नसतो. त्याच्या बाजूने बोलणारी एकमेव गोष्ट म्हणजे तो केस. आणि ज्याने खरोखर धंदा म्हणून रात्रभर वाघुरी लावून डझनभर ससे मारले, त्याच्याविरुद्ध बोलणाराही तोच. गावात कोणाचे नाव घेतले जाते यावर निकाल ठरू नये, असे वाटत असेल तर पुरावा ओळखण्याची सोय जवळ हवी.

ससा तर सगळीकडे आहे, आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘चिंतेचे कारण नाही’ या गटात मोडतो, मग त्याच्यावर पैसा का खर्चायचा, असेही म्हटले जाईल. तो विपुल आहे असे आपण मानतो, मोजलेले मात्र नाही. ब्रिटनमध्ये युरोपीय रानससा असाच सगळीकडे दिसणारा प्राणी होता. तिथे शिकारीच्या नोंदी १९६१ पासून पद्धतशीर एकत्र केल्या जातात म्हणून त्याची घट लक्षात आली आणि १९९५ मध्ये त्याच्यासाठी कृती आराखडा करावा लागला. एकसुरी पिके, बांध आणि पडीक तुकडे नाहीसे होणे, ही त्यामागची कारणे आपल्याला परकी नाहीत. सोलापूर, पुणे, नगर, बीडचे माळ सरकारी कागदांवर अजूनही पडीक म्हणून धरले जातात. त्यांवर वृक्षलागवड होते, प्रकल्प उभे राहतात, मोकाट कुत्र्यांचे कळप फिरतात. ससा हा त्याच माळांचा प्राणी, आणि लांडगा, खोकड, रानमांजर, गरुड यांचे ताटही. कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या जुन्या वह्यांत वर्षावर्षाला लिंक्स या रानटी मांजराची किती कातडी आली याची नोंद होती. एल्टन आणि निकोल्सन या संशोधकांनी १९४२ मध्ये त्यावरून दाखवले की लिंक्सची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात वरखाली होते, आणि पुढे त्या चढउताराचा धागा हिमसशाच्या संख्येशी जुळला. व्यापाऱ्यांनी हिशेबासाठी ठेवलेल्या कातड्यांच्या नोंदींतून परिसंस्थेचा एक मूलभूत नियम हाती आला. आपल्याकडे लांडग्याच्या, खोकडाच्या विष्ठेतल्या सशाच्या केसांचे प्रमाण दरवर्षी नोंदवले गेले तर माळाची तब्येत कळण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन ठरेल. वाघांची गणना आपण मोठ्या खर्चाने आणि चोख करतो, तो खर्च योग्यच आहे. त्या तुलनेत हे काम काही कपाटे, पाकिटे, काचपट्ट्या आणि दोन प्रशिक्षित माणसे यांत होते.

सुरुवात कुठून करायची, तेही स्पष्ट आहे. नमुन्यासाठी एकही ससा मारावा लागत नाही. मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात रस्त्यांवर वाहनांखाली ससे, मुंगसे, उदमांजरे, खोकडे रोज मरतात. त्यांच्या पाठीवरचे, पोटावरचे, शेपटीचे चिमूटभर केस मुळासकट घेऊन, कागदी पाकिटात घालून, त्यावर गाव, तारीख, प्राण्याचे लिंग आणि वय लिहून, सोबत छायाचित्र जोडून ठेवले तर दोन-तीन वर्षांत प्रत्येक वनवृत्ताचा स्वतःचा संग्रह तयार होईल. प्राणिशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून हे आनंदाने करतील. आज तेच विद्यार्थी दरवर्षी तेच ते जुने प्रकल्प उतरवून काढतात. अडचण एकच आहे. कायद्याच्या कलम ३९ नुसार मृत सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो, आणि त्याचा केसदेखील लेखी परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. त्यामुळे प्राध्यापक रस्त्यावर मेलेल्या सशाला हात लावायला कचरतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक वनवृत्तातल्या एका तरी महाविद्यालयाला रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांचे केस गोळा करून जतन करण्याची कायमस्वरूपी लेखी परवानगी द्यावी आणि विद्यापीठांनी त्यासाठी स्वतःहून अर्ज करावेत. नवा कायदा, नवी संस्था किंवा मोठी तरतूद यासाठी लागत नाही. अशी परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना त्याच कलम ३९ ने दिलेला आहे.